आत गारवा, बाहेर झळ

मित्रांनो, बहरीनमध्ये उन्हाळ्यात कोणाच्याही घरी जा, पाहुणा आधी यजमानाकडे बघत नाही. तो बघतो वर, भिंतीकडे. तिथे एसी चालू दिसला की मग त्याच्या तोंडून 'कसे आहात' निघतं. तर ज्याच्याकडे असं बघितलं जातं, तो मी. झिंज भागातल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, हॉलच्या भिंतीला भोक पाडून बसवलेला विंडो एसी. रंगाने पिवळा पडलोय आणि चालताना खडखडतो. हसा, हसा. तुमचेही गुडघे एक दिवस वाजणार आहेत.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पेटीत घालण्याआधी तिथल्या एका बाईने मला चालू केलं. पुढे हात धरला आणि खूश होऊन हसली. मग मागे हात धरला आणि चटका बसल्यासारखा झटकला. तेवढ्यावरून मला माझा स्वभाव कळला. लोकांना वाटतं एसी गारवा तयार करतो. कुठला गारवा! मी फक्त आतली उष्णता उचलतो आणि मागच्या बाजूने बाहेर फेकतो. म्हणून माझं तोंड ज्यांच्या घरात, ते मला दुवा देतात, आणि माझी पाठ ज्यांच्याकडे, ते शिव्या. खाली गल्लीत कामगार दुपारी कंपनीच्या बसची वाट बघत उभे राहतात. माझी झळ त्यांच्या डोक्यावर जाते. त्यांनी मला काय काय म्हटलंय ते इथे सांगण्यासारखं नाही.

मला या घरात आणलं हरिदासने. हरिदास अकोल्याकडचा. एका मेंटेनन्स कंपनीत एसी दुरुस्त करतो. दुनियेचे एसी दुरुस्त करणारा माणूस, आणि स्वतःच्या घरी आणला तो मुहर्रक बेटावरच्या दुकानातून सेकंडहँड! दुसऱ्या टोकाने मला उचलणारा होता लतीफ, त्याच्या कंपनीतला सुदानी सोबती. भोक माझ्यापेक्षा मोठं निघालं. मग लतीफने उरलेल्या फटीत थर्माकोल कोंबला आणि हरिदासने माझ्याखाली एक लाकडी पाचर ठोकली. "चल, बस बापा आता गुमान," असं म्हणून त्याने माझ्या डोक्यावर थाप मारली. त्या दिवसापासून मी त्यांच्या घरचा झालो.

पुढची वर्षं मजेत गेली. हरिदासची बायको प्रभावती एका शाळेच्या ऑफिसात काम करते. घरी आली की पर्स न ठेवताच माझ्यासमोर उभी राहते आणि "अव माय, जीव आला!" म्हणते. त्यांची मुलगी मैत्री माझ्यासमोरच रांगली, माझ्यासमोरच शाळेत जाऊ लागली. आई मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींचं भांडण बिनदिक्कत चालतं. समोरच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. गावाकडून नवीन आलेला कोणीही मुलगा खोली मिळेपर्यंत याच हॉलमध्ये झोपतो. ती या लोकांची रीतच आहे. किती घोरणारे माझ्यासमोर येऊन गेले म्हणून सांगू!

पण मित्रांनो, कौतुक झालं तरी काळजी कोणी घेत नसे. माझ्या तोंडावरच्या जाळीवर धुळीचा थर साचला. माझा श्वास कोंडला. हरिदास दिवसभर लोकांच्या जाळ्या धूत असे आणि घरी येऊन म्हणे, "उद्या पाहतो." कान सोनारानेच टोचावे म्हणतात, पण सोनाराच्या स्वतःच्या घरचे कान कोण टोचणार? पाचर सैल झाली आणि मी खडखडू लागलो. टीव्हीचा आवाज वाढवून सगळे जगत राहिले.

मग एके दिवशी दारात लतीफ उभा राहिला. बरोबर त्याची बहीण लीना आणि तिची छोटी मुलगी आमना. त्यांच्या देशात लढाई पेटली होती. लीना तिथे शाळेत इंग्रजी शिकवायची. तिचा नवरा औषधाचं दुकान उघडायला म्हणून गेला आणि परत आलाच नाही. ती मुलीला घेऊन, सीमा ओलांडून, कशीबशी भावाकडे व्हिजिट व्हिसावर पोचली होती. पण लतीफ मुहर्रकला एका खोलीत पाच-सहा पुरुषांबरोबर राहायचा. तिथे बाईमाणसाला कुठे ठेवणार?

लतीफची आणि हरिदासची भाषा म्हणजे हिंदी, अरबी आणि हातवारे यांची खिचडी. लतीफ खाली मान घालून म्हणाला, "हरिदास भाई, थोडा दिन. इंशाल्ला, थोडा दिन."

हरिदासने प्रभावतीकडे बघितलं. तिने आधीच आमनाच्या पायातले सँडल काढायला घेतले होते. "विचारतो काय?" ती म्हणाली. "उन्हात काहून उभं केलं त्याईले?"

मग हरिदास जे बोलला ते मी विसरणार नाही. तो म्हणाला, "माहा आजा पाटलाच्या दारात उन्हात उभा राहे. त्याले पाणीबी वरून टाकत. माह्या दारात कोणी उभं नाही राहणार, लतीफ. यल्ला, आत ये."

अशी लीना आमच्या घरी आली. आल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी सगळे झोपले असताना तिने स्टूल घेतलं, माझी जाळी काढली आणि बाथरूममध्ये नेऊन साबणाने धुतली. काय सांगू मित्रांनो! इतक्या वर्षांनी मी छातीभर श्वास घेतला. मला रडूच आलं, पण माझ्या रडण्याला लोक 'पाणी गळतंय' म्हणतात आणि खाली बादली ठेवतात. त्यानंतर दर शुक्रवारी ती जाळी धुवायची. आमना तेवढ्यात माझ्याखाली चटई टाकून झोपायची. तिला माझी खडखड आवडायची. खडखड चालू असली की तिला बाहेरचे आवाज ऐकू येत नसत, आणि बाहेरच्या आवाजांना ती फार दचकायची. साधा फटाका वाजला तरी टेबलाखाली शिरायची.

व्हिजिट व्हिसा काही जन्मभर वाढत नाही. तो संपला की परत जा, आणि परत जायचं म्हणजे त्याच लढाईत. म्हणून लीनाने एका श्रीमंत देशाकडे आसरा मागितला. नाव सांगत नाही. लांब पूर्वेला आहे, तिथे आपल्याआधी दिवस उगवतो आणि आपल्याआधी मावळतो. तिथे मोकळी जमीन खूप, माणसं थोडी, आणि दारावर कडी मात्र भलीमोठी. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी कळवलं की मुलाखत घेऊ, कॉम्प्युटरवर, सकाळी.

आता खरी गंमत ऐका. गंमत कसली, घोटाळाच! मोठा साहेब लीनाला बघणार म्हटल्यावर प्रभावतीच्या डोक्यात एकच गोष्ट आली. आपल्याकडे मुलगी बघायला येतात तेव्हा काय करतात? घर चकाचक, मुलगी नटलेली, चेहरा हसरा. बस्स! ती बाब अल बहरीनच्या बाजारातून नवे पडदे घेऊन आली. सोफ्यावर शेजारणीची कव्हरं चढली. लीनाच्या गळ्यात प्रभावतीचा सोन्याचा हार आला, हातात पाटल्या आल्या. टेबलावर फळांची परडीसुद्धा ठेवली.

"आई, शी इज नॉट अ ब्राइड!" मैत्री ओरडली.

"तू चूप बस. चांगल्या घरी राहते असं वाटलं पाहिजे त्याईले. नाईतर म्हणतीन, कोण कुठली भिकारीण आली." आणि लीनाकडे वळून, हाताने ओठ ताणून दाखवत ती म्हणाली, "हसजो व माय. परक्यापुढं रडत नसतात."

लीना शिकलेली होती, तिला हे पटलं नव्हतं. पण ज्या घरचं अन्न खातो त्या घरच्या बाईचं मन कसं मोडायचं? ती हार घालून बसली आणि हसली. मीही माझ्याकडून कमी केलं नाही. पूर्ण जोरात चालून खोली गारेगार करून ठेवली. पडद्यावरच्या साहेबाने प्रश्न विचारले, लीनाने छोटी छोटी उत्तरं दिली. नवऱ्याचं विचारलं तेव्हासुद्धा ती हसतच राहिली. तिचे हात मात्र टेबलाखाली त्या पाटल्या गरागरा फिरवत होते. ते साहेबाला दिसत नव्हते, मला दिसत होते.

उत्तर यायला फार दिवस लागले नाहीत. मैत्रीने मोठ्याने वाचलं आणि आईसाठी मराठीत सांगितलं. अर्जदार बाई वातानुकूलित घरात, एका सुखवस्तू कुटुंबाबरोबर व्यवस्थित स्थिरावलेली दिसते. बोलताना भीती दिसली नाही. अर्ज नामंजूर.

वातानुकूलित! म्हणजे मी! अहो, ज्याच्याखाली बादली ठेवावी लागते त्या माझी गणना सुखात झाली! ज्यांच्या घरात प्रत्येक खोलीला गारवा आणि प्रत्येक खोलीला ऊब, त्यांनी एका उघड्यावर पडलेल्या बाईला परक्या एसीचा वारा मोजून दाखवावा, याचा मला इतका संताप आला की त्या दिवशी माझा कॉम्प्रेसर दोनदा बंद पडला.

प्रभावती मात्र स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली. "माह्यामुळं झालं हे," एवढंच म्हणत होती. "म्या नटवली तिले." लीना तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. आणि आश्चर्य बघा, पुढच्या शुक्रवारीही लीनाने स्टूल घेतलं आणि माझी जाळी धुतली.

एकच दार उरलं होतं. फेरविचाराची एक मुलाखत मिळणार होती, तीच शेवटची. त्यात नाही म्हटलं की सामान बांधायचं. तोवर व्हिसाचेही थोडेच दिवस उरले होते. आता काय करायचं यावर हॉलमध्ये बैठक बसली. शेजारचा शिवदास, कोकणातला, गाडी चालवतो आणि सल्ले फुकट देतो. तो म्हणाला, "मी सांगतो ऐका. सोफा बाहेर काढा, तिला जमिनीवर बसवा. आणि तो एसी आधी उपटा भिंतीतून! भोक दिसू दे. गरिबी दिसली पाहिजे हो त्यांना."

हरिदास माझ्याकडे बघत विचार करू लागला, तेव्हा माझा कॉम्प्रेसर पुन्हा एकदा बंद पडला.

लीना इंग्रजीत हळू बोलली, मैत्रीने ते मराठीत सांगितलं. "पहिल्या वेळी मी तुमचं सोनं घालून बसले. आता तुमची गरिबी घालून बसणार नाही. मी माझीच बसेन. एसी राहू दे. फक्त बंद ठेवू, म्हणजे त्यांना माझं ऐकू येईल."

मुलाखतीच्या दिवशी ऊन असं होतं की कबुतरंसुद्धा माझ्या पाठीवर बसेनात. लीनाने तिच्या देशातलं साधं तोब अंगाभोवती गुंडाळलं होतं. तोब म्हणजे त्यांच्याकडची साडीच समजा. गळा मोकळा. मला बंद केलं आणि हॉलचं भट्टीत रूपांतर झालं. प्रभावती स्वयंपाकघराच्या दारात पदराचा बोळा तोंडाला लावून उभी. लतीफ रजा काढून आलेला, जिन्यात येरझाऱ्या घालत होता. आमनाला शिवदासच्या घरी ठेवलं होतं.

या वेळी पडद्यावर एक प्रौढ बाई होती. तिच्या गळ्याला लोकरी मफलर होता. तिकडे थंडी होती वाटतं. तिने पहिला प्रश्न विचारला आणि लीनाने सांगायला सुरुवात केली. पण घाम तिच्या डोळ्यांत उतरत होता. ती पुसत होती, परत उतरत होता. बोलता बोलता तिला भोवळ आली आणि तिने टेबल धरलं.

बाईने विचारलं, "तुमच्याकडे एसी आहे असं इथे लिहिलंय. तो बंद का?"

लीना म्हणाली, "आहे. या घरच्या लोकांचा आहे. जुना आहे, फार आवाज करतो. मागच्या वेळी तो चालू होता आणि माझं कोणाला ऐकू आलं नाही. म्हणून आज बंद केला."

पडद्यावरच्या बाईने स्वतःचा मफलर सोडला आणि म्हणाली, "चालू करा. ऐकू आलं नाही तर मी पुन्हा विचारेन. आपल्याकडे वेळ आहे."

मला चालू केलं. आणि मित्रांनो, झालं काय, तर माझी जन्माची खोड! खडखड, खडखड, खडखड! मी मनातून किती आवरलं तरी थांबेना. लीनाचे शब्द त्यात बुडू लागले. इतक्यात हरिदास धावत आला. वर कंपनीचा शर्ट आणि खाली लुंगी, अशा अवतारात त्याने स्टुलावर चढून माझ्याखालची पाचर अंगठ्याने दाबली आणि खांदा माझ्या कुशीला लावला. मी गप्प झालो. गार हवा तेवढी येत राहिली. तो हलला असता तर मी पुन्हा वाजलो असतो, म्हणून तो हललाच नाही.

लीनाने सगळं सांगितलं. हत्यारवाले शाळेत आले होते. कोणत्या मुलाचा बाप कुठे लपलाय ते तिला विचारत होते. तिने एकही नाव सांगितलं नाही. मग ते तिच्या नवऱ्याच्या दुकानावर गेले. हे सांगताना या वेळी ती हसली नाही. ती रडली, थांबली, पाणी प्यायली, पुन्हा बोलली. बाई थांबत होती, पुन्हा विचारत होती. स्वयंपाकघराच्या दारात प्रभावतीला इंग्रजी कळत होतं तेवढं पुरेसं होतं. तिचा पदर ओला झाला होता.

शेवटी बाईने विचारलं, "तुमच्या मागे मघापासून कोणाचे तरी पाय दिसतायत. कोण आहे तिथे?"

लीनाने कॉम्प्युटर वळवला. "हे हरिदास. हे घर त्यांचं. मागच्या कागदात तुम्ही लिहिलंत की मी इथे स्थिरावलेय. मी अशी स्थिरावलेय बघा. हा माणूस इतका वेळ ते मशीन धरून उभा आहे, म्हणून तुम्हाला माझं बोलणं ऐकू येतंय. तो किती दिवस धरून उभा राहील?"

हरिदासचा चेहरा घामाने निथळत होता. हात सोडता येत नव्हते. त्याने तशाच अवस्थेत मान वाकवली आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग, मॅडम."

बाईने चष्मा काढला. मग म्हणाली, "गुड मॉर्निंग, मिस्टर हरिदास. थँक यू."

नंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. फोन वाजला की सगळं घर उभं राहायचं. व्हिसा संपायला अगदी थोडे दिवस असताना एका दुपारी लीनाने फोनमध्ये काही वाचलं. पुन्हा वाचलं. मग फोन मैत्रीच्या हातात दिला आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसली, माझ्या अगदी खाली. मैत्री किंचाळली. तीही आपणहून, चक्क मराठीत! "आई, मिळालं! दोघींना मिळालं!"

प्रभावतीने हातातली पोळी तव्यावर तशीच सोडली. ती करपली, घरभर धूर झाला, कोणी लक्ष दिलं नाही. लीनाच्या गळ्यात पडून ती इतकी रडली की लीनालाच तिला गप्प करावं लागलं. लतीफ आला तो दारातूनच ओरडत, "खलास, हरिदास भाई! अब मफी टेन्शन!" म्हणजे आता टेन्शन नाही. आणि हरिदास? तो स्टुलावर चढला, माझ्या डोक्यावर थाप मारली आणि बराच वेळ तोंड माझ्या गार वाऱ्यात धरून उभा राहिला. त्याचं तोंड ओलं होतं. माझंच पाणी उडालं असं त्याने सगळ्यांना सांगितलं. माझं नव्हतं. हायसं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी लोकांना गार करत आलो, पण या घराला असं आतून थंड झालेलं पहिल्यांदाच बघितलं.

लीना आणि आमना गेल्या. प्रभावतीने दिलेला ठेचा तिकडच्या विमानतळावर काढून टाकला म्हणे. त्या देशाला तेवढं दार अजून उघडता आलं नाही.

आणि मग माझ्यावर वेळ आली. हरिदासने नवा स्प्लिट एसी आणला. गोरापान, सडपातळ, तोंडातून शब्द नाही. मला काढून भंगारात द्यायचं ठरलं. माझी कधी तक्रार नव्हती. वय झालं की जागा सोडावी. हरिदासने पान्हा हातात घेतला, मला बंद करण्याआधीच पाचर ओढून काढली, तेवढ्यात लीनाचा व्हिडिओ कॉल आला. पाचर निघाल्यामुळे मी जोरजोरात वाजत होतो.

लीना सांगत होती, सगळं ठीक आहे, शाळेत काम मिळेलसं वाटतंय, शेजारीण सूप घेऊन आली होती. फक्त आमना झोपत नाही. तिथे फार शांत आहे, आणि शांततेत तिला जुने आवाज ऐकू येतात. बोलता बोलता ती थांबली. मागून आमनाचा झोपाळलेला आवाज आला. तिने आईला विचारलं, "आई, ती खडखड आपल्या घरची आहे ना?"

हरिदासने पान्हा खाली ठेवला.

मित्रांनो, नवा एसी आता आतल्या खोलीत लावलाय. मी हॉलमध्येच आहे, खाली पाचर पुन्हा बसवून. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याची जाळी धूत चला, आणि तुमच्या गारव्याची झळ बाहेर कोणाच्या डोक्यावर जातेय तेही कधी तरी खिडकीतून वाकून बघा. हरिदासने बघितलं. त्याने खाली गल्लीत, बसची वाट बघणाऱ्यांसाठी, एक ताडपत्री बांधलीय आणि पाण्याचा कॅन ठेवलाय. तेव्हापासून मला शिव्या जरा कमी पडतात.

दुपारी ऊन डोक्यावर येतं, तेव्हा त्या लांबच्या देशात रात्र झालेली असते. शाळेतून आलेली मैत्री पाचर ढिली करते आणि आईचा फोन माझ्या तोंडाशी धरते. शुक्रवारी घरी असला की हरिदास स्वतः स्टुलावर चढतो. ज्या पाचरीवर त्याने एकदा सगळा जीव लावून अंगठा दाबला होता, तीच तो हळूच सैल करतो. मग मी मनसोक्त खडखडतो, आणि तिकडे आमना झोपते.